नागपुरातल्या इतिहासशिक्षकांना खुले पत्र: माळ्यावरची पेटी विकण्याआधी

शहरातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सर्व सर आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत एका शाळेनं मला प्रश्नमंजुषेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं. प्रश्न होता, १९४६ चा नौसैनिकांचा उठाव कुठे सुरू झाला? आठवीतल्या एका मुलीनं झटक्यात उत्तर दिलं, "मुंबईच्या समुद्रात, तलवार या जहाजावर." टाळ्या पडल्या, दहा गुण मिळाले. मी हात वर करून म्हणालो, "बेटा, तलवार हे जहाज नव्हतं. कुलाब्याला जमिनीवर असलेली बिनतारी संदेशांची शाळा होती ती." शेजारी बसलेले सर हसले. म्हणाले, "जाऊ द्या नं काका, नागपूरले कुठीसा समुद्र हाय? पोट्ट्यायले काय फरक पडते?"

चहा घेतला, सत्काराचा नारळ घेतला आणि घरी आलो. काय फरक पडतो, याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. ते देण्यासाठी हे पत्र. मी तारखात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, इतिहास शिकवणं हे माझं काम नव्हे. चुकलो तर सांगा.

तसं त्या सरांचं बोलणं वरवर खरंच आहे. कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. नौदलाचं म्हणाल तर अंबाझरी तलावात एनसीसीची मुलं होडी वल्हवताना दिसतात, तेवढंच. मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर लांब. आरमार म्हटलं की आपण कान्होजी आंग्र्यांपाशी थांबतो आणि तिथून उडी मारतो ती थेट विक्रांतवर. मधली दोन-सव्वादोनशे वर्षं कोरडी ठणठणीत. (जाता जाता एक. १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणजे पुरी आणि बालासोरचा किनारा आपल्या महाल भागातल्या दरबाराचा होता. हेही महालातल्या पोरांना कोणी सांगत नाही.)

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, १९४३ च्या सुरुवातीला रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले. घरात दोन हातमाग, आजोबा एम्प्रेस मिलमध्ये. मोठेबाबा घरातले पहिले मॅट्रिक. त्यांनी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव. भरतीच्या साहेबानं पोहता येतं का विचारलं तेव्हा यांनी छाती फुगवून त्या तलावाचंच नाव सांगितलं. "साहेबाले वाटलं असन, असन एखादं बंदर," असं ते पुढे म्हणायचे.

असा पोरगा आरमारात गेला कसा, हे समजायला युद्धाचा आकडा बघावा लागतो. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा या नौदलात ११४ अधिकारी आणि १,७३२ नौसैनिक होते. लढाऊ जहाजं बोटांवर मोजण्याइतकी. भरती मुख्यतः कोकणातल्या दर्यावर्दी घरांतून आणि पंजाबातून. युद्ध संपता संपता हाच आकडा २५,००० च्या पुढे गेला. एवढी माणसं किनाऱ्यावरून कुठून मिळणार? मग समुद्र आत आला, रेल्वेच्या रुळांवरून, वर्तमानपत्रांतल्या भरतीच्या जाहिरातींमधून, जिथे जिथे मॅट्रिक झालेली आणि कामाविना बसलेली पोरं होती तिथे. पाणसुरुंग काढणारी जहाजं, ताफ्याचं रक्षण करणारे स्लूप, ब्रह्मदेशाच्या खाड्यांमध्ये शिरणाऱ्या मोटर लाँच, सैन्य उतरवणाऱ्या सपाट बुडाच्या नावा. या सगळ्यांवर इंजिन समजणारा आणि इंग्रजी वाचणारा माणूस हवा होता. कोळ्याचा मुलगा होडी जन्मतः जाणतो. पण रडारच्या पडद्यासमोर कोळी आणि कोष्टी सारखेच नवखे.

पण वेळ वाईट होती. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटली होती. नागपुरातही गोळ्या चालल्या होत्या. आणि सहा महिन्यांच्या आत आमच्या घरातला पोरगा इंग्रजाच्या आरमारात! आजोबांनी पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. घरात पैसा नव्हता हे कारण होतंच, पण मोठेबाबांचं स्वतःचं कारण वेगळं होतं. "वायरलेस शिकवतो म्हणाले," एवढंच ते सांगत. मी तारखात्यात लागलो तो याच वाक्याच्या ओढीनं. त्यामुळे मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

आधी ठाण्याच्या 'अकबर' तळावर कवायत, मग कुलाब्याला 'तलवार'. इथे तुमच्या वर्गासाठी एक गंमत. आरमारात जमिनीवरच्या तळालाही जहाजाचंच नाव देतात आणि जहाजासारखंच वागवतात. भिंतींच्या आत राहणारे 'जहाजावर' असतात आणि फाटकाबाहेर सिगारेट आणायला जाणारा 'किनाऱ्यावर' जातो. लोणावळ्याचं 'शिवाजी' १९४५ मध्ये असंच डोंगरात सुरू झालं. पाणबुडीविरोधी शाळेचं नाव तर 'मच्छलीमार' होतं. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची. तेव्हा 'तलवार जहाजावर' हे अर्धं बरोबर आणि अर्धं चूक. पण चुकीचं अर्धं महत्त्वाचं आहे, कारण तलवार खरोखरीचं जहाज असतं तर उठाव तसा पसरला नसता. त्याकडे येतोच.

आमच्या तारघरात मोर्स शिकताना साउंडरचा, म्हणजे तारेवरचा संकेत टकटक करून ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज ऐकायचा असे. कट्ट आणि कडकट्ट. दोन टक्टकींमधलं अंतर कानानं मोजायचं, ठिपका की रेघ ते त्यावर ठरे. बिनतारीत तसं नसतं. कानावर हेडफोन, आत अखंड सूर, लहान आणि लांब, आणि त्याच्यामागे वादळाची खरखर, शेजारच्या स्टेशनची गडबड, इंजिनाची घरघर. एक मोठा फरक आणखी होता आणि तो मला मोठेबाबांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हता. तारबाबू घेतो आणि पाठवतो. युद्धातल्या जहाजावरचा टेलिग्राफिस्ट मुख्यतः घेतो. जहाजानं तोंड उघडलं की शत्रूला त्याची दिशा कळते. म्हणून किनाऱ्यावरचं मोठं केंद्र ठरलेल्या वेळी आकड्यांचे गट प्रसारित करायचं आणि समुद्रावरची जहाजं मुकाट्यानं लिहून घ्यायची. पोच द्यायची नाही. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असे. मधला एक क्रमांक हुकला की समजायचं, आपल्या कानातून काहीतरी निसटलं. चार तासांची पाळी, पाळीच्या शेवटी बोटं आखडलेली, आणि लिहिलं त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही. "दोन वर्षं मी कोनाशी बोललोच नाई," असं ते म्हणायचे. घरीही ते कमीच बोलत. ती सवय कुठून आली असेल, याचा मी नंतर विचार केला.

त्यांचं जहाज होतं 'गोदावरी'. इंग्लंडमध्ये बांधलेलं, १९४३ मध्ये सेवेत आलेलं स्लूप. या वर्गातल्या जहाजांना नद्यांची नावं होती: सतलज, जमना, नर्मदा, कृष्णा, कावेरी, गोदावरी. इंग्रजी स्पेलिंगमुळे नर्मदेचं 'नर्बदा' आणि कृष्णेचं 'किस्तना' झालं होतं, तो भाग सोडा. आपल्या नाग नदीचं पाणी, आज त्याची काय अवस्था आहे ते आपण जाणतो, कन्हानला मिळतं. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. म्हणजे महालातल्या गटाराचं पाणीसुद्धा शेवटी गोदावरीच्या नावानंच समुद्राला लागतं. मोठेबाबा जहाजावर रुजू झाले तेव्हा त्यांनी आजोबांना पत्रात हेच लिहिलं होतं म्हणे. आजोबांनी त्या पत्राला मात्र उत्तर पाठवलं.

१२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्स बेटांजवळ 'गोदावरी' आणि 'फाइंडहॉर्न' या ब्रिटिश फ्रिगेटनं मिळून यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. या पाणबुड्या नॉर्वे-फ्रान्सच्या बाजूनं आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात येत आणि आपल्या व्यापारी जहाजांची शिकार करत. हा पाठलाग दिवसेंदिवस चालला. विमानवाहू जहाजांवरून विमानं उडत होती, खाली जहाजं पाणी चाळत होती.

हे पाणी चाळणं कसं चालतं, ते तुमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना वर्गात बोलावून एकत्र शिकवा. जहाजाच्या बुडातून ध्वनीचा ठोका पाण्यात सोडायचा. कशावर आदळला तर परत येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर वस्तू दीड किलोमीटरवर. याला ॲस्डिक म्हणत, आज सोनार म्हणतात. सोपं वाटतं. पण उष्ण समुद्रात वरचं पाणी कोमट आणि खालचं थंड, आणि दोहोंच्या सीमेवर ध्वनी वाकतो. पाणबुडीचा हुशार कप्तान त्या थराखाली जाऊन बसतो, रजई पांघरल्यासारखा. दुसरी अडचण अशी की डेप्थ चार्ज, म्हणजे ठराविक खोलीवर फुटणारा बाँब, टाकायला जहाजाला पाणबुडीच्या डोक्यावरून जावं लागे आणि नेमकं जवळ गेल्यावर ॲस्डिकचं लक्ष्य सुटे. शेवटचे काही क्षण अंदाजावर. त्यावर तोड म्हणून हेजहॉग निघालं. चोवीस लहान बाँब जहाजाच्या पुढे फेकायचे, लक्ष्य अजून कानात असतानाच. ते ठराविक खोलीवर फुटत नसत, कशाला तरी लागले तरच फुटत. फुटलं नाही म्हणजे चुकलं. म्हणून बाँब पाण्यात गेल्यावर सगळं जहाज कान देऊन थांबे.

यू-१९८ वर ६६ माणसं होती. एकही वाचला नाही. मोठेबाबा हा प्रसंग एकदाच बोलले, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, का ते देव जाणे. शौर्यकथा म्हणून नाही सांगितलं. "थे बी ऐकूनच राहिले असतीन नं," म्हणाले, "खालून, आमाले." नौदलाच्या गोष्टी सांगताना आपण तोफा आणि झेंडे दाखवतो. नोव्हेंबर १९४२ मधली 'बंगाल'ची लढाई बघा. पाणसुरुंग काढणारं एक लहानसं माइनस्वीपर, पुढे एक बारा पौंडी तोफ, सोबत एक डच तेलवाहू जहाज, आणि समोर दोन प्रचंड जपानी हल्लेखोर जहाजं, त्यातलं एक बुडालं. ही गोष्ट पोरांना जरूर सांगा, अंगावर काटा येतो. पण त्या काट्याबरोबर हे ऐकणंही सांगा.

आता १९४६.

युद्ध संपलं आणि जहाजांवरची माणसं किनाऱ्यावर ढकलली जाऊ लागली. कधी सुटका होणार, हातात काय पडणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. 'तलवार'मध्ये गर्दी झाली होती. मोठेबाबाही १९४५ च्या शेवटी तिथेच येऊन पडले होते. खडे असलेली डाळ, पातळ चहा, गोऱ्या नौसैनिकांना वेगळा पगार आणि वेगळी वागणूक, आणि वर तळाचा कमांडर किंग याच्या तोंडची शिवीगाळ. १ डिसेंबर १९४५ ला पाहुण्यांसाठी तळ सजवला होता, तर सकाळी भिंतींवर 'चले जाव'. पुढे बलाईचंद्र दत्त हा टेलिग्राफिस्ट असल्याच प्रकारात पकडला गेला. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी 'तलवार'च्या नौसैनिकांनी नाश्ता नाकारला. दुसऱ्याच दिवशी संप मुंबईच्या बंदरभर होता, त्यानंतर कराची. शेवटी ७८ जहाजं, वीस तळ आणि जवळपास २०,००० माणसं. संपाच्या समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग, एक सिग्नलमन आणि एक टेलिग्राफिस्ट.

ही नावं तुमच्या पुस्तकांत असतील, निदान टिपांत. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते या दोघांच्या हुद्द्यांकडे. उठाव सुरू झाला तो संदेशवाहकांच्या शाळेत. तिथे सगळ्यात जास्त शिकलेली पोरं होती, वर्तमानपत्र वाचणारी, आझाद हिंद सेनेच्या खटल्याच्या बातम्या एकमेकांना सांगणारी. आणि त्यांच्याच हातात यंत्रं होती. ज्यांना तीन वर्षं फक्त घ्यायला शिकवलं होतं त्यांनी पाठवायला सुरुवात केली. एखाद्या खऱ्याखुऱ्या जहाजावर भांडण झालं असतं तर ते त्या जहाजापुरतं राहिलं असतं, त्याला दूर समुद्रात पाठवून दिलं असतं. 'तलवार'मधली बातमी मात्र खुद्द आरमाराच्या कानातून सगळ्या जहाजांत शिरली. म्हणून त्या मुलीचं उत्तर चुकतं तेव्हा एका शब्दाची चूक होत नाही, हा सगळा प्रसंग कसा घडला तेच हातातून निसटतं.

पुढचं तुम्ही जाणता. मुंबईकरांनी गेटवेवर खाण्याच्या पिशव्या आणून दिल्या, नौसैनिकांच्या कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला, आरमाराचा प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेनं रेडिओवरून सगळं आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर अशा अर्थाची धमकी दिली. शहरात झालेल्या गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. पटेलांनी आणि जिनांनी शरण जायला सांगितलं. २३ तारखेला शरणागतीचे काळे झेंडे चढले. काँग्रेसनं आणि लीगनं बरोबर केलं की चूक, हा वाद मी इथे उकरत नाही. माझं मत आहे, पण ते तुम्हाला ऐकवायला वेगळं पत्र लागेल.

एवढं झाल्यावरही हे मुंबईचं प्रकरण, असंच म्हणाल का? त्याच फेब्रुवारीच्या शेवटी जबलपूरला लष्कराच्या सिग्नल केंद्रातल्या जवानांनी संप केला. तेही संदेशवाहकच. जबलपूर तेव्हा आपल्याच प्रांतात होतं, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. आणखी एक. उठावाच्या चौकशीसाठी आयोग नेमला त्याचे अध्यक्ष होते पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर सय्यद फाजल अली. नाव ओळखीचं वाटतंय ना? तेच फाजल अली, ज्यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. नागपुरातल्या प्रत्येक पानठेल्यावर हे नाव माहीत आहे. पण याच माणसानं नऊ वर्षांपूर्वी नौसैनिकांच्या डाळीतले खडे मोजले होते, हे तिथे कोणी बोलत नाही. त्या अहवालानंही असंतोषाचं मूळ नोकरीतल्या गाऱ्हाण्यांत आणि भेदभावात असल्याचं मान्य केलं होतं.

मान्य केलं, पण माणसं परत घेतली नाहीत. ४०० हून अधिक जणांना काढून टाकलं. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलानं त्यांना घेतलं, ना पाकिस्तानच्या. मोठेबाबा त्यांतले एक. हातात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की यापुढे यांच्या सेवेची गरज नाही. ते गाडीनं नागपूरला उतरले तेव्हा अंगावर साधा शर्ट होता आणि हातात लोखंडी पेटी.

फाळणीत जहाजांची वाटणीही झाली, पंख्या-खुर्च्यांसारखी. सहा स्लूपपैकी चार इकडे आणि दोन तिकडे. तिकडे गेलेल्या दोन म्हणजे नर्मदा आणि गोदावरी. पाकिस्ताननं त्यांची नावं बदलून झेलम आणि सिंध ठेवली. ते बरोबरच, गोदावरी कराचीत काय करणार? पण मोठेबाबांना ही बातमी बर्डीवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कळली. तिथे ते कामाला लागले होते. "माही गोदावरी पाकिस्तानात गेली," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की मला बरीच वर्षं वाटायचं, ही कोणी बाई असावी.

इकडे जे नौदल उभं राहिलं तेही महायुद्धाच्या जुन्या कपड्यांवरच. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसं. 'दिल्ली' ही क्रूझर म्हणजे १९३९ मध्ये ग्राफ स्पे या जर्मन युद्धनौकेशी लढलेली 'अकिलीझ'. 'विक्रांत' म्हणजे जपाननं शस्त्रं ठेवल्यावर काही आठवड्यांनी पाण्यात उतरलेलं आणि मग अर्धवट पडून राहिलेलं 'हर्क्युलस'. १९५७ मध्ये विकत घेतलं, १९६१ मध्ये सेवेत आलं. १९७१ मध्ये विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची 'गाझी' बुडाली. तिच्या मागावर निघालेली आपली 'राजपूत' दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश विनाशिका, आणि गाझी त्याच युद्धात बांधलेली अमेरिकन पाणबुडी. ती बातमी ऐकून मोठेबाबा दिवसभर रेडिओपाशी बसले होते. स्वतःच्या नौदलात भारतीय माणूस प्रमुख व्हायला मात्र १९५८ उजाडावं लागलं, ॲडमिरल कटारी. तोवर ब्रिटिशच.

पुढे सरकारनं त्या नौसैनिकांना स्वातंत्र्यसैनिक मानलं, कुलाब्याला स्मारक झालं, दत्त आणि मदन सिंग यांची नावं टगबोटींना मिळाली. आमच्या घरी काही आलं नाही, कारण मोठेबाबांनी अर्जच केला नाही. माजी सैनिक म्हणावं तर काढून टाकलेले. स्वातंत्र्यसैनिक म्हणावं तर बेचाळीसच्या पाठोपाठ इंग्रजाकडे गेलेले. शेजारच्या वाड्यातले एक गृहस्थ बेचाळीसला जेलमध्ये होते, त्यांच्यासमोर यांना तोंड उघडायची लाज वाटे. असे किती असतील आपल्या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत?

आता माझी चूक सांगतो. मोठेबाबा गेले, मोठी आई गेली, आणि २००४ मध्ये वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. माळ्यावर ती लोखंडी पेटी होती, कुलूपबंद. लहानपणी मी ती उघडलेली पाहिली होती. टोपीची काळी रेशमी फीत, त्यावर सोनेरी धाग्यानं एच. एम. आय. एस., म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', एवढंच, कारण युद्धात गुप्ततेसाठी फितीवर जहाजाचं नाव घालत नसत. एक वही, आकड्यांच्या गटांनी भरलेली. पत्रं. तो कागद. हे सगळं मला माहीत होतं. पण किल्ली सापडेना, कुलूप तोडायला माणूस येईना, बिल्डरची तारीख जवळ आलेली, घरात आठवडाभर धूळ. कबाडीवाला दारात उभा होता. मी म्हटलं, घेऊन जा. त्यानं पेटी तशीच काट्यावर ठेवली, लोखंडाच्या भावानं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला तो अजून आठवतो. मी तार खात्यातला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे संदेश नेमून दिलेल्या जागी पोचवले. घरातला एक नाही पोचवला.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते सोपं आहे. स्मारकाची, चौकाला नावाची मागणी मी करत नाही, नागपुरात चौक संपत आले आहेत. या वर्षीच्या इतिहासाच्या प्रकल्पाला किल्ल्यांची थर्माकोलची प्रतिकृती करायला सांगण्याऐवजी एकदा मुलांना घरात शोधायला लावा. फक्त नौदलच असं नाही, लष्कर असो, सोनेगावच्या विमानतळावरचं युद्धकाळातलं काम असो, दारूगोळा कारखाना असो. पण नौदल मुद्दाम विचारा, कारण ते कोणी स्वतःहून सांगणार नाही. प्रश्न 'तुमच्या घरी कोणी सैनिक होतं का' असा नको. त्याला 'नाही' हेच उत्तर येतं. आमच्या घरीही आलं असतं. असं विचारा: घरात कोणाला इंग्रजाच्या काळात मुंबईला किंवा कराचीला नोकरी होती का? अँकर कोरलेलं बटण कुठे आहे का? कोणाच्या हातावर गोंदलेलं जहाज होतं का? कोणी आजोबा टेबलावर बोटांनी ठकठक करत का? मुलींनाही विचारायला सांगा, युद्धात नौदलाची स्त्रियांची शाखाही होती. त्यातल्या कल्याणी सेन १९४५ मध्ये इंग्लंडला जाऊन आल्या होत्या.

जे मिळेल त्याचा फोटो घ्या, पाठीमागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा, आणि वस्तू घरच्यांकडेच राहू द्या. कागद लॅमिनेट करू नका, पिवळा पडून जातो. पत्रांमधलं इंग्रजी वाचता येत नसेल तर मला बोलवा. मोर्स असेल तर नक्कीच बोलवा, कान अजून शाबूत आहेत.

आणि म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा. पेटीत काय आहे हे पुरुषांना कधीच ठाऊक नसतं. कुलूप लागलेलं असेल तर तोडायची घाई करू नका, किल्ली बहुधा देव्हाऱ्यात असते, देवांच्या मागे, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. आमची तिथेच होती. पेटी गेल्यावर आठव्या दिवशी देव हलवताना सापडली.

आपला,
एक निवृत्त तारबाबू
महाल, नागपूर